हेडलाइटचे बल्ब सारखे का उडतात? जुनी पेट्रोल गाडी, चिपळूण-गुहागर पट्टा

आबलोलीकर
नमस्कार मंडळी, गाडी सेकंडहँड घेतलीय, पेट्रोल हॅचबॅक, साधे एच-४ बल्ब (एकाच बल्बात अप्पर आणि डिपर). पावसाळा सुरू झाल्यापासून हेडलाइटचे बल्ब टिकतच नाहीयेत. डावा जास्त जातो, उजवा पण जातो पण तो जरा दम धरतो. नोकरी चिपळूणला, सुटेपर्यंत रात्र होते आणि मार्गताम्हाने सोडलं की शृंगारतळी येईपर्यंत रस्त्यावर उजेड म्हणजे फक्त आपल्या गाडीचा. परवा समोरून ट्रक पास झाला आणि त्याच वेळी माझा डावा डिपर गेला, पाऊस मरणाचा, साइडपट्टी दिसेना, पुढे वळणावर गुरं बसलेली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. उरलेला रस्ता अप्परवर काढला, समोरच्यांचे डोळे दिपवत, ते मला अजिबात आवडलं नाही.

दुकानात विचारलं तर एक म्हणतो १००/९० वॉटचा टाक, जाड फिलामेंट असतं, दुसरा म्हणतो एलईडी टाक आणि विसरून जा. मला उजेड वाढवायचा नाहीये, आहे तो टिकवायचाय. आपल्या भागात कुणाला असा त्रास झालाय का आणि मुळात कारण काय होतं ते सांगा प्लीज.

सड्यावरचा
खारी हवा, दुसरं काय. आपल्याकडे लोखंडाचं गेट चार पावसाळे काढत नाही तिथे बल्ब काय काढणार. शिवाय बाजारात हुबेहूब डब्यातला डुप्लिकेट माल भरपूर येतो. ओळखीच्या दुकानातून फिलिप्स नाहीतर ऑसरामचा साधा ६०/५५ घ्या आणि बघा.

रातपाळी_कुडाळ
दादा, एलईडीच्या नादाला लागू नका एवढंच आधी सांगते. माझी नाइट ड्युटी असते, आंबोलीच्या बाजूने येणाऱ्या गाड्या रोज बघते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बसवला की उजेड कुठेही फेकला जातो, कारण तो रिफ्लेक्टर फिलामेंट जिथे असतं त्या जागेच्या हिशोबाने बनवलेला असतो. समोरच्याला काही म्हणजे काही दिसत नाही, आणि धुक्यात तर तो पांढरा उजेड उलटा आपल्याच तोंडावर येतो. घाटात गवे रस्त्यात उभे असतात हो, दोन सेकंद आंधळं होणं परवडत नाही कुणालाच.

एक विचारायचं होतं, फक्त हेडलाइटच जातात की मागचे, नंबर प्लेटचे वगैरे पण?

वायरमन_खेर्डी
आबलोलीकर, गेलेले बल्ब फेकलेत की आहेत? असतील तर फेकू नका. मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, गिऱ्हाईक नवा बल्ब मागतं तेव्हा मी आधी जुना मागतो. मेलेला बल्ब उजेडात धरून नीट बघितला की निम्मं काम होतं.

काच आतून काळपट नाहीतर आरशासारखी रुपेरी झालेली असेल तर फिलामेंट जास्त तापून झिजलंय. बल्ब बरीच वर्षं चालून तसा झाला तर त्याचं वय झालं म्हणायचं, पण महिन्या-दोन महिन्यांत तसा झाला तर व्होल्टेज जास्त येतंय. काच स्वच्छ आणि फिलामेंट मधेच तुटून लोंबतंय तर हादरे, म्हणजे बल्बची क्लिप ढिली किंवा अख्खा लॅम्पच ब्रॅकेटमध्ये हलतोय. आत पांढरा पिवळसर धूर बसल्यासारखा दिसला तर बल्बात हवा शिरली, कुठेतरी चीर गेलीय नाहीतर बुडाचं सील फुटलंय. आणि काचेवर एकाच जागी फुगवटा किंवा दुधाळ डाग असेल तर तिथे हात लागलेला असतो. होल्डर पण काढून बघा, तिन्ही पिना कुठल्या रंगाच्या आहेत ते लिहा.

आबलोलीकर
ताई, चांगलं विचारलंत, मागचा एक आणि नंबर प्लेटचा पण बदललाय, पण ते किरकोळ म्हणून डोक्यातच नव्हते घेतले.

वायरमनदादा, डिकीत तीन मेलेले सापडले, आत्ता खिडकीत धरून बघितले. दोन उजवीकडचे असावेत, त्यांच्या काचेला आतून करडा काळपट थर आहे आणि फिलामेंटच्या तुटलेल्या टोकाला बारीक गोळी झालीय, वितळून गोठल्यासारखी. तिसरा नक्की डावीकडचा, तो आतून पूर्ण पांढरा, फिलामेंट दिसतच नाही, टोकाकडे जरा पिवळट. होल्डर काढला, उजवा ठीक आहे. डाव्याचं प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन चुरचुरीत झालंय, नखाने टवका निघाला, आणि त्या पिनेची वायर हातभर मागपर्यंत कडक झालीय, वाकवली की कव्हर तडकतं. शिवाय डाव्या लॅम्पच्या मागचं रबरी बूट एका बाजूला फाटलंय आणि लॅम्पच्या आत खाली पाण्याचे थेंब आहेत.

वायरमन_खेर्डी
शाब्बास. म्हणजे तुमच्या गाडीला दोन दुखणी आहेत आणि दोन्ही वेगवेगळी आहेत, म्हणूनच आतापर्यंत कुणाला सापडली नाहीत. काळपट काच, गोळी झालेलं फिलामेंट, मागचे बल्ब पण जातायत, हे सगळं जास्त व्होल्टेजचं लक्षण. आणि डाव्याचा पांढरा बल्ब त्या जळक्या होल्डरमुळे. आधीच्या मालकाने कधीतरी १००/९० घातलेले असणार रिलेशिवाय (रिले म्हणजे बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच), शंभर टक्के नाही म्हणत पण तपकिरी होल्डर बहुतेक वेळा तीच गोष्ट सांगतो. साठ वॉटला साधारण ५ अँपिअर, शंभरला ८ च्या वर, कंपनीची बारीक वायर आणि प्लास्टिकचा होल्डर त्यासाठी केलेलाच नसतो. पिनेची पकड गरम होऊन ढिली पडते, ढिली पडली की अजून तापते. मग तुम्ही परत साधा ६०/५५ लावलात तरी ती ढिली पिन तापतच राहते आणि बल्बच्या बुडाशी जिथे पत्रीचं सील असतं तिथे उष्णता पोचते, सील गेलं, हवा आत, टंगस्टन जळून पांढरी पूड. नवा बल्ब कितीही भारी आणा, त्या होल्डरात तो असाच मरणार.

खाडीपट्टा
माझं मत जरा वेगळं आहे. आपल्याकडे सगळ्या कनेक्शनना गंज चढतो, त्यामुळे बल्बला व्होल्टेज कमी पोचतं, मग तो जास्त करंट ओढतो आणि उडतो. आमच्या विहिरीवरच्या मोटरचं तसंच झालं होतं, व्होल्टेज कमी आणि वाइंडिंग जळलं. आधी सगळे अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेले मायनसचे जोड, साफ करा.

जांभा
खाडीपट्टा, मोटरच्या बाबतीत तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, पण बल्बला ते लागू होत नाही. मोटर भार ओढण्यासाठी करंट वाढवते, बल्ब म्हणजे नुसती तापणारी तार, व्होल्टेज कमी झालं की तो करंट पण कमीच घेतो, मंद जळतो आणि उलट जास्त दिवस टिकतो. गंजलेल्या अर्थने उजेड पिवळा पडेल, बल्ब उडणार नाही. अर्थ साफ करायचेच आहेत, पण कारण वेगळं, ते वायरमन सांगतीलच.

आकड्यात सांगायचं तर एच-४ चं रेटिंग १३.२ व्होल्टवर तपासतात. व्होल्टेज वाढलं की आयुष्य भयंकर वेगाने घटतं, ढोबळ नियम असा की ५ टक्के वाढ झाली की आयुष्य निम्म्यावर. बल्बला सतत १५ व्होल्ट मिळायला लागले तर पाचवा हिस्सा पण उरत नाही. साध्या हॅलोजनचं आयुष्य मुळात काहीशे तासांचंच, त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे रोज रात्री तास-दीड तास चालवणाऱ्याला किती दिवस पुरणार ते तुम्हीच काढा. त्यात ते १३० टक्के जादा उजेडवाले किंवा निळसर काचेचे बल्ब असतील तर ते मुळातच कमी आयुष्याचे असतात, उजेड वाढवायला फिलामेंट जास्त तापवलेलं असतं.

आबलोलीकर
मग मोजायचं कसं? मल्टीमीटर आहे घरी, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घेतला होता.

वायरमन_खेर्डी
डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ ते १२.७ दिसायला पाहिजे. मग स्टार्ट करा, सगळं बंद ठेवून आयडलला बघा, नंतर कुणालातरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून अडीच हजार आरपीएमला धरायला सांगा. साधारण १३.८ ते १४.४, फार तर १४.७ पर्यंत चालतं. १५ च्या वर गेलं की गडबड. मीटर टर्मिनलच्या क्लॅम्पवर न लावता शिशाच्या खांबावर लावा, नाहीतर क्लॅम्पचा गंज मोजाल. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी पण बघा, जास्त चार्ज होणारी बॅटरी पाणी पिते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

त्यानंतर हेडलाइट लावून बल्बच्या मागे, कपलर (वायरींचा प्लग) जोडलेला असतानाच मागून प्रोब घालून बघा तिथे किती येतं. एक सांभाळा, काही जपानी वायरिंगमध्ये हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे कॉमन पिनेला कायम प्लस आणि डिपर-अप्परच्या पिना अर्थ होतात. तसं दिसलं तर घाबरून जाऊ नका, उलटं काही जोडलेलं नसतं.

दर्यावर्दी_मालवण
माका पण ह्या वाचून बरा वाटला, आमच्या पिकअपचो ह्योच त्रास. मासळीचे खोके असतत, बर्फाचा खारा पाणी सगळीकडे गळता. बॅटरीच्या ट्रेखालचो अर्थाचो पट्टो बाहेरसून बरो दिसा होतो, बोल्ट काढलंय तर आत नुसतो हिरवो चुरो. तो बदललंय तेव्हापासून स्टार्ट बरी घेता, पण बल्ब अजून जातत. वायरमनभाऊ, मी पण मोजू काय?

वायरमन_खेर्डी
होय मालवणकर, तुम्ही पण तसंच मोजा, सगळं बाराव्होल्टी गाडीला एकच.

आबलोलीकर
मोजलं. सकाळी गाडी बंद असताना १२.५. स्टार्ट करून आयडलला १४.९. अडीच हजारला १५.४ आणि तिथेच थांबलं, खाली येईना. बॅटरीचं पाणी प्लेटच्या जरासंच वर होतं, सहाही घरात. वास पण होता, मला वाटायचं गाडीच जुनी. उजव्या बल्बच्या मागे १४.८ येतंय, डाव्याच्या मागे १३.९ आणि होल्डर हलवला की आकडा नाचतो.

गॅरेजला दाखवलं तर बघितल्या बघितल्या म्हणाले अल्टरनेटर बदला, कटआऊट गेलाय, रिकंडिशन बसवून देतो. खर्च ऐकून गाडी परत घेऊन आलो. बदलायचाच असेल तर बदलेन पण आधी इथे विचारावं म्हटलं.

वायरमन_खेर्डी
थांबा, घाई नको. कटआऊट म्हणजे रेग्युलेटर, तो गेलेला असू शकतो, पण आपल्या किनारपट्टीला अजून एक कारण मी फार बघतो. बऱ्याच गाड्यांच्या अल्टरनेटरला बॅटरीकडे जाणाऱ्या जाड वायरशिवाय एक छोटा कपलर असतो दोन-तीन बारीक वायरींचा. त्यातली एक सेन्स वायर. रेग्युलेटर त्या वायरीतून बॅटरीला खरंच किती पोचतंय ते बघतो आणि त्याप्रमाणे वाढवतो-कमी करतो. ह्या वायरीच्या वाटेत गंज बसला, फ्यूजच्या पायाला म्हणा, कपलरच्या पिनेला म्हणा, तर रेग्युलेटरला १४.२ दिसतात आणि बॅटरीवर प्रत्यक्षात १५.४ असतात. तो बिचारा आपलं काम बरोबर करतोय, त्याच्यापर्यंत खबर चुकीची येतेय. अल्टरनेटर बदललात तरी नवा पण तेच करणार.

तपासायचं असं, गाडी चालू ठेवून मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब त्या छोट्या कपलरच्या सेन्स पिनेवर मागून. पट्टा फिरत असतो, बाही गुंडाळा, गळ्यातलं काढा, आणि पावसात उघड्यावर करू नका. तिथे बॅटरीपेक्षा अर्धा-एक व्होल्ट कमी दिसलं तर वायर दोषी. दोन्हीकडे तेवढंच, म्हणजे १५.४ च, दिसलं तर मग रेग्युलेटर. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरी मायनसपर्यंत पण मोजा, तिथे ०.२ च्या वर यायला नको. तिथे गंज असला तर अल्टरनेटरच्या अंगापाशी हिशोब वेगळा होतो. खाडीपट्टांनी अर्थ साफ करा म्हटलं ते ह्यासाठी कामाचं आहे.

खाडीपट्टा
हे पटलं. मोटरचं उदाहरण इथे लावायला नको होतं हे जांभा यांचं म्हणणं पण समजलं. आमच्या पाहुण्यांच्या गाडीचा अल्टरनेटर असाच बदलला होता आणि नंतर परत बॅटरी उकळली, त्यांना ही वायर दाखवतो.

आबलोलीकर
सेन्स पिनेवर १४.३, बॅटरीवर त्याच वेळी १५.४!! अर्थकडे ०.१, म्हणजे तो बरा आहे. वायर धरत मागे गेलो तर बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्समध्ये गेली. बॉक्सचं झाकण नीट बसत नव्हतं, एक लॉक तुटलंय, त्या कोपऱ्यातून पाणी आत उतरत होतं. फ्यूज वरून अगदी चांगला, उपटून बघितला तर एक पाय चकचकीत आणि दुसऱ्यावर हिरवा-निळा चुरा, खालच्या खाचेत पण तोच. इतका बारीक चुरा की फुंकर मारली तर उडाला. ह्याच्यासाठी एवढे बल्ब आणि वर अल्टरनेटर बदलायला निघालो होतो.

वायरमन_खेर्डी
बॅटरीचं मायनस काढून काम करा. खाच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, बारीक पॉलिश पेपरची चिंधी करून आतून घासा, खाच सैल झाली असेल तर आतली क्लिपच बदला, नुसती दाबून बसवली तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. नवीन फ्यूज त्याच अँपिअरचा, मोठा नको. झाकणाचं लॉक आधी करा, ते नाही केलं तर बाकीचं फुकट.

डाव्या बाजूला सिरॅमिकचा होल्डर घ्या, एच-४ चा मिळतो, आणि कडक झालेली वायर कापून चांगली तांब्याची वायर जोडा, जोड सोल्डर करून श्रिंक ट्यूब. नुसतं पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, आपल्या दमट हवेत टेपचा डिंक सुटतो. रबरी बूट नवीन. लॅम्पमध्ये साचलेलं पाणी काढा आणि लॅम्पची हवा जायची बारीक नळी असते ती मातीने बुजलेली असेल तर मोकळी करा. लोक लॅम्प सगळीकडून सिलिकॉनने बंद करतात, मग आत अडकलेली वाफ बाहेरच येत नाही आणि रिफ्लेक्टर काळा पडतो.

सड्यावरचा
मी माझ्या गाडीत रिले किट टाकलंय, उजेड जबरदस्त वाढला. आबलोलीकरांनी पण आत्ताच टाकून घ्यावं म्हणजे होल्डर-स्विचचा प्रश्नच मिटेल.

जांभा
रिले किट चांगलंच, पण क्रम महत्त्वाचा. रिले टाकला की वाटेतली गळती संपते आणि बल्बला जवळजवळ बॅटरीएवढंच व्होल्टेज मिळतं. बॅटरीवर १५.४ असताना रिले टाकला असता तर बल्ब आणखी लवकर गेले असते. आता यांच्या उजव्या बल्बला १४.८ मिळत होते, ते पण गळतीमुळे. त्यामुळे आधी चार्जिंग १४.४ च्या आत आणायचं, मगच रिले. आणि किटमधला मेन फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ तितका बरा.

रातपाळी_कुडाळ
बल्बच्या काचेला हात लावू नये म्हणतात ते घामामुळे का तेलामुळे? मी रुमालाने धरून बसवते.

जांभा
दोन्ही, पण आपल्याकडे घाम जास्त, आणि घाम म्हणजे मीठ. क्वार्ट्झची काच गरम-गारचा धक्का बऱ्यापैकी सोसते, पण गरम असताना मीठ लागलेलं तिला सोसत नाही, त्या जागी ती दुधाळ होते आणि मग तडकते. फाटक्या बुटातून आत जाणारा खारट ओलावा पण तसाच वाईट. रुमाल स्वच्छ हवा, खिशातला नको. हात लागलाच तर स्पिरिटने पुसून, सुकवून मग लावा.

आबलोलीकर
सगळं करून घेतलं, खेर्डीलाच, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे. फ्यूजची क्लिप नवीन, झाकणाला नवीन लॉक, डावीकडे सिरॅमिक होल्डर, दोन्ही बुटं नवी. उघडलेल्या लॅम्पमध्ये लाल मातीचा थर होता, जांभ्याच्या रस्त्याची धूळ पाण्याबरोबर आत जाऊन बसलेली, ती धुवून काढली. आता बॅटरीवर आयडलला १४.१, अडीच हजारला १४.३. दोन्ही बल्बच्या मागे १३.४ आणि १३.५, म्हणजे डावं-उजवं जवळजवळ सारखं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं. बल्ब साधेच ६०/५५. सगळा खर्च अल्टरनेटरच्या तुलनेत फारच कमी आला.

काल रात्री जोरात पाऊस असताना आलो. दोन्ही डिपर सारखे, पांढरी पट्टी शेवटपर्यंत दिसत होती. घरी बायकोला आणि आईला आता रात्री माझी वाट बघताना घोर नाही लागणार, हे माझ्यासाठी मोठं आहे. वायरमनदादा, जांभा, ताई, खाडीपट्टा, सगळ्यांचे मनापासून आभार.

फक्त एक, डावा लॅम्प काढून परत बसवल्यापासून जरा वर मारतोय असं वाटतं.

वायरमन_खेर्डी
भिंतीसमोर लावा. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवर लाइट खाली-वर करायचं चक्र असेल तर ते शून्यावर. लॅम्पचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. १० मीटर मागे या आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यायला पाहिजे, आणि डाव्या बाजूला ती जरा वर चढते, ती चढण डावीकडेच असते, साइडपट्टी दिसावी म्हणून. जास्त असेल तर लॅम्पच्या मागे स्क्रू असतो तो थोडा थोडा फिरवा, एका वेळी एकच लॅम्प, दुसरा पुठ्ठ्याने झाका. पुठ्ठा काचेला टेकवून ठेवू नका, तापतो.

दर्यावर्दी_मालवण
पिकअपचा मोजलंय. आयडलाक १४.२, रेस दिल्यार १४.४. म्हणजे चार्जिंग बरा आसा ना? गेलेले दोन बल्ब बघितलंय, काच एकदम स्वच्छ, फिलामेंट मधीच तुटलेला.

वायरमन_खेर्डी
चार्जिंग एकदम बरोबर आहे, त्याला हात लावू नका. स्वच्छ काच आणि तुटलेलं फिलामेंट म्हणजे तुमचं दुखणं हादऱ्याचं. बॉनेट उघडून लॅम्प हाताने धरून हलवा, हलला तर ब्रॅकेटचे स्क्रू नाहीतर प्लास्टिकचे कान तुटलेत. मग बल्ब अडकवणारी तारेची क्लिप बघा, खाऱ्या पाण्याने गंजून तिचा ताण गेलेला असतो, बल्ब खाचेत असतो पण आतल्या आत थरथरतो. क्लिप सुटी मिळाली तर बदला, आणि काय दिसलं ते इथेच लिहा.